मूळ हाक मारतं, पण ऐकतं कोण?

कानात इअरफोन घालण्यापेक्षा लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे काय की' तेवढे गाळलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजच्या भागाला निमित्त एका श्रोत्याचा मेसेज. मुलगा नांदेडकडचा, नोकरीला पुण्यात. तो लिहितो, "दादा, गावी आमच्या खरिपाच्या ज्वारीत टारफुला फार माजलाय. खुरपून काढला तरी पुढच्या वर्षी परत हजर. औषध मारलं, टारफुला मेला, पण ज्वारी काही सुधारली नाही. वडील म्हणतात जमिनीलाच दोष लागलाय, ज्वारी सोडून देऊ. हे नक्की आहे काय?"

मी काही शेतीशास्त्राचा माणूस नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर सर्व्हरचे लॉग बघतो. पण या प्रश्नाच्या मागे लागलो आणि पंधरा दिवस त्यातच अडकलो. कारण यात एक सिग्नल आहे, तो पाठवणारा एक आहे, ज्याच्यासाठी पाठवलाय तो एक आहे, आणि मधेच चोरून ऐकणारा एक आहे. हा तर माझ्याच धंद्यातला प्रश्न निघाला!

टारफुला करतो तरी काय?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी. वीतभर उंचीचं, साधंसं हिरवं रोप. आपल्याकडे त्याला बहुतेक पांढरी फुलं येतात. ज्वारीच्या ताटाजवळ गरिबासारखं उभं असतं. शास्त्रीय नाव स्ट्रायगा. इंग्रजीत त्याला 'विचवीड' म्हणतात, म्हणजे चेटकिणीचं तण. नाव उगाच नाही पडलेलं. शेतात एकही टारफुला दिसत नसतो, जमिनीत ओलही असते, आणि तरी ज्वारी सुकल्यासारखी दिसायला लागते, वाढ खुंटते. जुन्या माणसांना करणी झाल्यासारखं वाटलं तर नवल नाही.

खरी गोष्ट जमिनीखाली चाललेली असते. टारफुल्याचं मूळ ज्वारीच्या मुळात घुसतं, तिच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांना जोडून घेतं आणि पाणी, खनिजं, तयार अन्न ओढायला लागतं. वर आल्यावर तर तो आपल्या पानांची छिद्रं उघडीच ठेवतो, म्हणजे त्याच्यातून पाणी सतत उडत राहतं आणि ज्वारीकडून आणखी पाणी त्याच्याकडे खेचलं जातं. यातले सुरुवातीचे काही आठवडे तो जमिनीखालीच असतो. आपल्याला दिसतो तेव्हा मोठं नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं. श्रोत्याच्या एका प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं. औषधानं टारफुला मेला, पण ज्वारीचं जे जायचं ते आधीच गेलं होतं.

धुळीएवढ्या बियांची पंचाईत

आता बी बघू. टारफुल्याचं बी साधारण पाव मिलिमीटरचं, तळहातावर घेतलं तर धूळच वाटेल. एकेका झाडापासून अशा हजारो बिया जमिनीत पडतात आणि तिथे दहा वर्षांहून जास्त काळ जिवंत राहू शकतात.

पण इतक्या लहान बियांत शिदोरी किती असणार? ज्वारीच्या दाण्यात रोपाला सुरुवातीला पुरेल एवढं पीठ असतं. टारफुल्याच्या बियात जवळजवळ काहीच नसतं. एकदा का कोंब फुटला की काही दिवसांत त्याला कुणाचं तरी मूळ गाठावंच लागतं, नाहीतर तो मेला. आणि हा कोंब काही मिलिमीटरपलीकडे पोचतच नाही.

म्हणजे या बियाला उगवण्याची संधी एकदाच मिळते. चुकीच्या जागी उगवलं तर मेलं, चुकीच्या वेळी उगवलं तरी मेलं. म्हणून ते नुसत्या पावसानं उगवत नाही. ओल आणि ऊब मिळाली की आठ-पंधरा दिवसांत ते तयार होतं आणि मग वाट बघत बसतं. कशाची? जवळ जिवंत मूळ आल्याच्या खुणेची.

कापसानं दिलेलं कोडं

ही खूण रासायनिक आहे, एवढा अंदाज शास्त्रज्ञांना होता. पण तो पदार्थ मिळवणं महाकठीण, कारण मुळं तो अतिशय थोडा सोडतात. १९६६ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या सी. ई. कुक आणि सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा वेगळा केला. स्ट्रायगावरून त्याला नाव दिलं स्ट्रायगॉल. पुढे असेच भाऊबंद पदार्थ सापडत गेले. ज्वारीच्या मुळांतून सॉर्गोलॅक्टोन सापडला, लाल क्लोव्हरच्या मुळांतून ओरोबँकॉल. या सगळ्या खानदानाला आज स्ट्रायगोलॅक्टोन म्हणतात.

गंमत अशी की स्ट्रायगॉल मिळाला तो कापसाच्या मुळांतून. आणि कापसावर टारफुला जगतच नाही! कापसाच्या मुळाजवळ तो उगवतो आणि जोडता न आल्यानं मरून जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

मोठं कोडं मात्र वेगळंच होतं. आपल्याच शत्रूला जाग आणणारा पदार्थ एखादं झाड मुळातून सोडेल कशाला? असा पदार्थ सोडणारी झाडं उत्क्रांतीत केव्हाच मागे पडायला हवी होती. पण हा तर कितीतरी झाडं सोडतात, ज्यांच्यावर टारफुला कधी येत नाही तीसुद्धा. जवळपास चाळीस वर्षं या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हतं.

हाक होती मित्रासाठी

उत्तर आलं २००५ मध्ये, जपानमधून. कोहकी अकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं की हा पदार्थ मुळं सोडतात ते एका बुरशीला बोलवायला.

ही बुरशी म्हणजे मायकोरायझा. शेतीशी संबंध असेल तर कृषी सेवा केंद्रात या नावाची पाकिटं तुम्ही पाहिली असतील. तिचं काम समजायला आधी स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, समजून घेऊ. स्फुरद जमिनीत असतो, पण हलत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर तो कॅल्शियमला धरून बसतो. मूळ आपल्या अवतीभवतीचा स्फुरद पटकन संपवतं, मग त्याच्याभोवती काही मिलिमीटरचा रिकामा पट्टा तयार होतो. त्याच्या पलीकडे माल आहे, पण हात पोचत नाही.

तिथे बुरशीचे तंतू पोचतात. केसापेक्षा कितीतरी बारीक असे हे तंतू तो रिकामा पट्टा ओलांडून सेंटिमीटरमागून सेंटिमीटर पुढे जातात, स्फुरद गोळा करतात आणि मुळाच्या पेशींत आणून देतात. बदल्यात झाड त्यांना साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. ही देवाणघेवाण बुरशीसाठी जीवनमरणाची आहे, कारण लागणारी मेदाम्लं तिला स्वतःला बनवताच येत नाहीत. जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींची या प्रकारच्या बुरशीशी भागीदारी आहे, आणि स्कॉटलंडमधल्या ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तिचे अवशेष सापडलेत. ज्वारी, गहू, कापूस ही तर नंतरची मंडळी.

पण बुरशीला मूळ सापडायचं कसं? तिचा बीजाणू आपणहून उगवतो, थोडासा तंतू बाहेर काढतो, आणि मूळ नाही भेटलं तर थांबतो. अकियामांच्या गटाला दिसलं की स्ट्रायगोलॅक्टोनचा अगदी नगण्य अंश लागला तरी या तंतूला भराभर फांद्या फुटतात. फांद्या जास्त, तेवढी मुळाला गाठ पडण्याची शक्यता जास्त. म्हणजे मूळ सांगत होतं, "मी इथे आहे, ये." निरोप बुरशीसाठी होता. टारफुला तो चोरून ऐकायला शिकला.

ओटीपी आणि ब्रॉडकास्ट

आता माझ्या भाषेत सांगतो. आपण व्हॉट्सअॅपवर मेसेज पाठवतो तो एका माणसाला जातो आणि मधे कुणाला वाचता येत नाही. मुळाकडे ती सोय नाही. त्याचा निरोप म्हणजे रेल्वे स्टेशनवरची अनाउन्समेंट. ज्याला कान आहेत तो ऐकणार, मग तो प्रवासी असो की पाकीटमार.

या निरोपाची रचना मात्र झकास आहे. स्ट्रायगोलॅक्टोनच्या रेणूत दोन भाग एका कमकुवत बंधानं जोडलेले असतात. ओल्या जमिनीत तो बंध लवकरच तुटतो आणि निरोप निकामी होतो. आपल्या ओटीपीसारखंच, थोडा वेळ चालतो, मग बाद. त्यामुळे जिथे हा पदार्थ जाणवतो तिथे मूळ जवळ आहे आणि आत्ता जिवंत आहे, याची खात्री असते. जुन्या, मेलेल्या मुळाची हाक जमिनीत घुमत राहत नाही. बुरशीसाठी ही सोय उत्तमच. पण धुळीएवढ्या बियालाही नेमकी हीच माहिती हवी होती. निरोप जितका भरवशाचा, तितका चोरालाही उपयोगाचा.

यातला सगळ्यात चटका लावणारा भाग पुढे आहे. मूळ ही हाक कायम सारख्या आवाजात मारत नाही. स्फुरद कमी पडला की स्ट्रायगोलॅक्टोन वाढतं. ज्वारीच्या बाबतीत नत्र कमी पडल्यावरही वाढतं. साहजिक आहे, भूक लागल्यावरच माणूस हाक मारतो. पोट भरलं, बुरशी येऊन कामाला लागली, की हाक कमी होते.

याचा अर्थ असा की जी जमीन कसदार, तिथली ज्वारी हळू बोलते. जी जमीन वर्षानुवर्षं नुसती घेतली गेली, शेणखत नाही, फेरपालट नाही, तिथली ज्वारी ओरडते. आणि त्या ओरडण्यानं टारफुल्याच्या जास्त बिया जाग्या होतात. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला स्ट्रायगानं ज्या शेतांत धुमाकूळ घातलाय, तीही बहुतेक अशीच उपाशी, कोरडवाहू, छोट्या शेतकऱ्यांची शेतं आहेत. जो आधीच अडचणीत आहे त्याच्याच शेतात चोर जास्त येतो.

म्हणून त्या श्रोत्याला मला सांगायचंय की तुझे वडील अर्धे बरोबर आहेत. दोष लागलेला नाही, करणी झालेली नाही, पण जमिनीचा संबंध नक्की आहे.

मग हाकच बंद का करू नये?

ऑफिसात डब्यावर बसून ही गोष्ट सांगितली तर एकानं लगेच विचारलं, "मग ते फीचर डिसेबल करून टाका ना!" इंजिनियरच तो.

ते जमत नाही, आणि का जमत नाही हे २००८ मध्ये कळलं. 'नेचर'च्या एकाच अंकात एक फ्रान्सच्या बाजूचा आणि एक जपानचा, अशा दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की स्ट्रायगोलॅक्टोन हे झाडाच्या आतलं संप्रेरकही आहे. किती फांद्या फुटू द्यायच्या, किती फुटवे आवरायचे, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. ज्या भाताला ते बनवता येत नाही तो बुटका राहतो आणि त्याला फुटवेच फुटवे येतात.

याचा पुरावा मोहरीतही दिसतो. मोहरीचं कुटुंब या बुरशीशी भागीदारी करत नाही. म्हणजे तिला हाक मारायचं काही कारण नाही. तरी ती स्ट्रायगोलॅक्टोन बनवते, कारण आत त्याची गरज आहे. आणि मोहरी-तंबाखू-वांग्यावर येणारा दुसरा चोर, ज्याला आपल्याकडे बंबाखू म्हणतात, तोही याच खानदानातल्या पदार्थांनी जागा होतो.

थोडक्यात, एकच पदार्थ आत घरचा कारभार बघतो आणि बाहेर मित्राला बोलावतो. तो पूर्ण बंद केला तर चोराबरोबर घरही बंद पडेल.

चोरानं कान कुठून आणले?

हा माझा आवडता भाग. वनस्पतींमध्ये केएआय-२ नावाचं एक प्रथिन असतं. जंगलात वणवा लागून गेल्यावर धुरातले काही पदार्थ ओळखणं आणि बियांना जागं करणं, याच्याशी त्याचा संबंध आहे. स्ट्रायगाच्या पूर्वजांकडेही ते होतं. पुढे त्याच्या जनुकाच्या प्रती होत गेल्या. मूळ प्रत आपलं काम करत राहिली आणि जादा प्रतींमध्ये बदल साठत गेले. त्यातल्या काही प्रती धुराऐवजी स्ट्रायगोलॅक्टोन ओळखायला लागल्या. आफ्रिकेतल्या स्ट्रायगाच्या एका जातीत अशा एकूण ११ प्रती सापडल्या, आणि त्यातली एक तर कमालीची संवेदनशील आहे. २०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये एकापाठोपाठ आलेल्या शोधनिबंधांत हे उलगडलं. जुन्या कोडची कॉपी काढायची, मूळ कोडला हात लावायचा नाही, कॉपीत बदल करत राहायचं. आपण याला फोर्क म्हणतो.

एवढ्यावर भागत नाही. बी उगवल्यावर दुसरी खूणही लागते. ज्वारीच्या मुळाच्या पेशीभित्तिकेतून निघणारा एक वेगळा पदार्थ जाणवला की टारफुल्याच्या कोंबाचं टोक फुगतं आणि मुळात घुसणारा अवयव तयार होतो. पहिली खूण सांगते 'जवळ आहे', दुसरी सांगते 'पोचलास, आता घूस'. बँकेच्या अॅपसारखं टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन, फक्त इथे ते चोरासाठी आहे.

आपण काय करू शकतो?

हे सगळं समजल्यावर उपाय कसे सुचत गेले, ते बघा. प्रत्येक उपाय या साखळीतली एकेक कडी पकडतो.

पहिला उपाय, खोटी हाक. शेतात ज्वारी नसताना बियांना जागं केलं तर ती उगवतील आणि उपाशी मरतील. अमेरिकेत कॅरोलिना भागात १९५६ मध्ये मक्यावर स्ट्रायगा सापडला. तो ओळखला भारतातून तिथे गेलेल्या एका विद्यार्थ्यानं, कारण त्यानं तो आपल्याकडे पाहिलेला होता! पुढे तो चार लाखांहून जास्त एकरांवर आढळला. तिथल्या सरकारनं इतर उपायांबरोबर जमिनीत चक्क इथिलीन वायू सोडला. केळी पिकवायच्या चेंबरमध्ये वापरतात तोच. इथिलीननंही या बिया उगवतात. काही दशकांच्या चिकाटीनं तो भाग जवळजवळ मोकळा झाला. पण त्याला यंत्रं लागली, पैसा लागला. दोन एकरवाल्याला हे परवडणारं नाही.

जपानी शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रयोगशाळेत बनवलेला एक पदार्थ जाहीर केला. त्याचा कल्पनाही करता येणार नाही इतका सूक्ष्म अंश स्ट्रायगाच्या बिया जाग्या करायला पुरतो. पण गरिबाची खोटी हाक आपल्याकडे आधीपासून आहे. आठवतोय ना कापूस? तो हाक मारतो, टारफुला उगवतो, आणि जोडता न आल्यानं मरतो. अशा पिकांना सापळा पीक म्हणतात. कापूस, सोयाबीन, भुईमूग, सूर्यफूल, जवस, चवळी यांच्यात हा गुण कमी-जास्त प्रमाणात आढळलाय. वाणावाणात फरक पडतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

दुसरा उपाय, वेगळी बोली. इथिओपियात जन्मलेले, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात काम करणारे गेबिसा एजेटा यांना २००९ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. त्यांच्या कामाची पद्धत मला फार भावली, कारण ते सरळ सरळ डिबगिंग आहे. 'ही ज्वारी टारफुल्याला दाद देत नाही' एवढ्यावर न थांबता त्यांच्या गटानं प्रश्नाचे तुकडे केले. बी उगवतं का? जोडतं का? आत घुसतं का? काचेच्या ताटलीत, खिरीसारख्या घट्ट अगारमध्ये ज्वारीचं रोप आणि स्ट्रायगाच्या बिया ठेवायच्या, आणि मुळापासून किती अंतरापर्यंतच्या बिया उगवल्या ते मोजायचं. काही वाणांच्या जवळ बिया झोपूनच राहिल्या.

का, ते २०१७ मध्ये जनुकाच्या पातळीवर कळलं. एलजीएस-१ नावाचं जनुक या वाणांत हरवलेलं आहे. त्यामुळे ही ज्वारी गप्प बसत नाही, ती दुसऱ्या प्रकारचा स्ट्रायगोलॅक्टोन जास्त सोडते. त्या बोलीला स्ट्रायगा फारसा दाद देत नाही. हाक चालू राहिली, घरचा कारभारही चालू राहिला, फक्त चोराला शब्द नीट कळेनासे झाले. आफ्रिकेतल्या कितीतरी गावरान वाणांतही हे जनुक असंच हरवलेलं सापडलं. म्हणजे प्रयोगशाळेच्या फार आधी शेतकऱ्यांच्या निवडीतून ही बोली टिकून राहिली होती.

तिसरा उपाय, जाड भिंत. एन-१३ नावाची ज्वारी मूळची आपल्या भारतातली. तिच्याजवळ बिया उगवतात, पण मुळाची भिंत अशी घट्ट की चोराला आत घुसणं अवघड जातं. हीच एन-१३ घेऊन सुदानमध्ये तिथल्या ज्वारीशी संकर केले गेले आणि प्रतिकारक वाण तयार झाले. आपल्या मातीतला दाणा तिकडे पहारेकरी झाला.

चौथा उपाय, भला शेजारी. केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी, इसिपे या संस्थेत, मूळचे भारतीय असलेले झियाउर खान आणि त्यांचे सहकारी खोडकिडीसाठी मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वनस्पती लावत होते. किडीसाठी लावली आणि लक्षात आलं की स्ट्रायगाही घटला. डेस्मोडियमच्या मुळांतले काही पदार्थ स्ट्रायगाला जागं करतात आणि काही त्याच्या कोंबाची वाढ अडवतात. शिवाय जमिनीला नत्र मिळतं, जनावरांना चारा मिळतो.

आणि पाचवा, सगळ्यात साधा. भूक भागवा. शेणखत, कंपोस्ट, माती तपासून नत्र-स्फुरद. पोट भरलेलं पीक कमी ओरडतं. मुळांवर बुरशी चांगली वसली की ज्वारी आणि मक्यात टारफुला कमी लागतो, असंही प्रयोगांत दिसलंय. पण त्याआधी पाकीट विकत घ्यायला धावू नका. आपल्या जमिनीत मायकोरायझा बहुधा असतेच. शेणखत, फेरपालट आणि कमी मशागत यांनी ती टिकते.

तर, त्या मेसेजचं उत्तर

भावा, ज्वारी कायमची सोडायची गरज दिसत नाही. पण हा एका हंगामाचा खेळही नाही, कारण तुमच्या शेतात दहा वर्षांची उधारी पुरलेली आहे.

एक. ज्वारी बदलून बाजरी, मका किंवा ऊस घेतला तर फायदा नाही, टारफुला त्यांच्यावरही जगतो. दोन-तीन वर्षं कापूस, सोयाबीन, भुईमूग असं काही घ्या. तुमच्या भागात ही पिकं आहेतच. नुसती पडीक ठेवून उपयोग थोडा, कारण हाक मारायला कुणी नसेल तर बिया झोपूनच राहतील.

दोन. टारफुला दिसला की फुलायच्या आत उपटा. या वर्षीची ज्वारी त्यानं वाचणार नाही, हे मान्य. ते काम पुढच्या दहा वर्षांसाठी आहे. बी धरलेली झाडं बांधावर टाकू नका, जनावरांपुढेही टाकू नका, शेणातून बिया परत शेतात येतात. एका शेतातून दुसऱ्यात जाताना अवजारांची माती झाडा.

तीन. माती तपासून घ्या आणि खत त्याप्रमाणे द्या. परत ज्वारी घ्याल तेव्हा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन टारफुल्याला दाद न देणारा वाण तुमच्या भागासाठी कुठला, ते विचारा. वाण ठरवणं त्यांचं काम, माझं नाही.

आणि वडिलांना एवढं नक्की सांग, जमिनीला दोष लागलेला नाही. ती उपाशी आहे, त्यामुळे ज्वारी मित्राला जोरात हाक मारतेय आणि ती हाक भलत्याच कानावर पडतेय.

मंडळी, तुमच्याकडे टारफुल्याला वेगळं नाव असेल तर व्हॉइस नोट करून पाठवा, गावाचं नाव सांगायला विसरू नका. शक्य झालं तर फोटोही पाठवा, पण फोटो काढून झाला की तो उपटा बरं का! पुढच्या भागात भेटू.